अक्का, तुमची टाकी वाहत होती

अक्का, काल गल्लीत पाणी आलं. तुम्ही गेल्यानंतरचं हे दुसरं पाणी. काल काय झालं ते तुम्हाला सांगायचंच आहे, पण आधी मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि ते तसंच टाकून तुम्ही निघून गेलात. एरवी तुम्ही कुठलंही भांडण अर्धवट सोडणाऱ्यातल्या नव्हतात.

मी लग्न होऊन छावणीजवळच्या या गल्लीत आले, तेव्हा मला पहिली गंमत वाटली ती इथल्या कालगणनेची. इथं कुणी सोमवार-मंगळवार म्हणत नव्हतं. पाहुणे ‘मागच्या पाण्याला’ येऊन गेलेले असायचे आणि बारसं ‘पुढच्या पाण्याला’ ठरलेलं असायचं. आठ-दहा दिवसांनी एकदा येणाऱ्या पाण्यावर सगळ्यांचं आयुष्य बेतलेलं. माझ्या पहिल्याच पाण्याला फाटकावर टण् टण् टण् असा आवाज झाला आणि मी दचकून बाहेर आले. समोर तुम्ही. दवाखान्यातून ड्यूटी करून आलेल्या, अंगावर अजून नर्सची पांढरी साडी आणि हातात पोळीचं उलथणं. “नवी नवरी व्हय गं तू? पाणी आलंय. झोप काय, नंतर घे,” असं म्हणून तुम्ही पुढच्या फाटकाकडे गेलातसुद्धा. आमच्या शेजारीच राहणारी ही बाई म्हणजे कमलअक्का, हे मला सासूबाईंनी नंतर सांगितलं.

पाण्याची चाहूल तुम्हाला सगळ्यांच्या आधी लागायची. नळातून हवा फुसफुसली की तुम्ही चुलीवरचं तसंच टाकून निघायच्या, म्हणून हातात ते उलथणं. या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक फाटकावर ते आपटायचं आणि आतला माणूस बाहेर येऊन “व्हय, आलं” म्हणेपर्यंत हलायचं नाही. मी एकदा विचारलं, नुसतं ओरडलं तर नाही का चालणार? तुम्ही म्हणालात, “वॉर्डात पेशंट बघितल्याबिगर राउंड होती का?” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाणी हे निमित्त होतं. तुम्ही गल्लीचा राउंड घेत होतात. कुणाचे पाय सुजलेत, कोण भिंत धरून चालतंय, कोणाच्या सुनेचे डोळे रडून लाल झालेत, हे सगळं त्या एका मिनिटात तुम्ही टिपायच्या. सासूबाईंनी एकदा दार उघडायला वेळ लावला. त्यांचा ओठ जरासा वाकडा झालेला तुम्हीच पाहिलात आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांना रिक्षात घातलंत. सासूबाई त्यानंतर माझ्याशी भांडायला आणखी कितीतरी वर्षं जगल्या. हे तुमचे उपकार मानायचे की नाहीत, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

या कामाचा तुम्हाला अभिमान होता आणि तो का होता तेही तुम्ही एकदाच सांगितलंत, भाजी निवडता निवडता. तुमच्या आजीला गावच्या आडावर जाऊ देत नव्हते. कुणीतरी वरून ओतेल तेव्हा तिची घागर भरायची आणि तोवर तिनं उन्हात उभं राहायचं. “आन् आता बघ,” तुम्ही म्हणालात, “मी सांगितल्याबिगर ह्या गल्लीत कुणाचा नळ उघडत नाय. बाबासाहेबांची कृपा, दुसरं काय!” आणि तुम्ही खो खो हसलात. मी जोशांच्या घरची सून. मी मेथीची जुडी पुढे ओढली आणि निवडायला लागले.

राउंड संपवून तुम्ही घरी परतलात की मी माझा झारा घेऊन तुमच्या फाटकावर मारायची. हा आपला दोघींचा खेळ. “सगळ्या गल्लीला उठवता, तुम्हाला कोण उठवणार?” असं मी विचारायचं आणि तुम्ही आतून म्हणायचं, “तू हायस की.” प्रत्येक पाण्याला हे व्हायचं आणि प्रत्येक पाण्याला आपण तेवढंच हसायचो. त्यात भिण्यासारखं काही आहे असं तेव्हा आपल्याला वाटलं नाही.

मग तुमचे गुडघे गेले. पुण्याहून सुनील आला आणि आईसाठी मोठ्या पडद्याचा फोन घेऊन आला. गल्लीचा ग्रुप निघाला. मी विरोध केला होता, आठवतंय ना? मला वाटलं होतं तुम्ही माझ्या बाजूनं बोलाल. पण तुम्ही तर लहान पोरीसारख्या हरखलात! माइकचं बटण दाबायचं आणि बोलायचं, “पाणी आलंय गं बायांनो, उठा!” की सगळ्या गल्लीत आवाज. मग एकेक अंगठा यायचा आणि तुम्ही ते अंगठे मला दाखवायच्या. “बघ विजे, सगळी गल्ली उठली. माझा हात का पाय हलला न्हाय.”

“बोट हललं त्यांचं, अक्का. माणूस कुठं दिसला?”

“तू लई जुनाट हायस. माझे गुडघे वाचले ते बघ की.”

गुडघे मधे आणले की मी हरायची, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.

पहिले काही दिवस लोक तुमचा आवाज ऐकायचे. मग त्यांना कळून चुकलं की अक्कांचा आवाज आला म्हणजे पाणी आलं, ऐकायचं काय त्यात? आला आवाज की द्या अंगठा आणि लावा मोटार. हे मी तुम्हाला सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, तुम्ही माइकवर शिव्या दिल्यात तरी हे लोक अंगठा देतील. तुम्ही हसून म्हणालात, “मंग देऊन बघू का एकदा?” तेव्हा दिल्या असत्या तर बरं झालं असतं, अक्का.

तुमच्यावर माझा आणखी एक राग आहे. तो आज बोलून टाकते, कारण पुढे कधी बोलायची सोय नाही. तुम्ही जायच्या काही दिवस आधी एका संध्याकाळी मी तुमच्याकडे मुद्दाम आले होते. मला एक गोष्ट सांगायची होती आणि ती सगळ्यात आधी तुम्हालाच सांगायची होती. तुम्ही पलंगावर टेकून फोनवर कुठल्यातरी बाईचा केकचा व्हिडिओ बघत होतात. मी बोलायला सुरुवात केली. तुम्ही “हं, हं” म्हणत होतात. मी मुद्दाम मधेच म्हटलं, “आणि मग मला वाघानं खाल्लं.” तुम्ही म्हणालात, “हं, बरं झालं.” मी उठले आणि चपला घातल्या. ज्या बाईला दारातून माणसाच्या पायाची सूज दिसायची, तिला हातभर अंतरावर बसलेली मी दिसत नव्हते. तुम्ही मागून हाक मारलीत, “विजे, चाललीस व्हय? काय म्हणत व्हतीस?” मी म्हटलं, पुढच्या पाण्याला सांगते.

ते सांगायचं होतं ते असं की मी पैठणच्या शाळेतली नोकरी सोडायचं ठरवलं होतं. रोजची एसटी आता झेपत नव्हती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी बेंगळुरूला तिच्या संसारात. म्हटलं आता घरी बसू, सकाळचा चहा अक्कांबरोबर घेऊ. तुम्हाला आनंद झाला असता आणि तुम्ही तो शिव्या देऊन व्यक्त केला असता. त्या शिव्या माझ्या राहूनच गेल्या.

आता त्या दिवसाचं. तुम्हाला त्यातलं थोडंसंच ठाऊक असणार. बाकीचं मी सांगते.

आमच्या शाळेत तासाला फोन नेता येत नाही. तो स्टाफरूमच्या कपाटात असतो. मधल्या सुट्टीत मी तो काढला आणि ग्रुपवर पहिल्यांदा दिसला तो एक फोटो. समोरच्या नितीननं त्याच्या गॅलरीतून काढलेला. तुमच्या गच्चीवरची टाकी भरून वाहतेय, पाणी भिंतीवरून फाटकाखालून गल्लीत आलंय. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘कुणाची टाकी वाहतेय? पाणी वाया जातंय.’ त्याखाली कुणीतरी ‘लोकांना कदर नाही’ असं, कुणी रागानं लाल झालेलं तोंड, कुणी हात जोडलेले. मी फोटो मोठा करून पाहिला. भांडी घासलेलं पाणी झाडांना आणि झाडांखाली ठेवलेल्या ताटलीतलं पुन्हा झाडांना घालणारी बाई तुम्ही. तुमची टाकी वाहणं शक्यच नव्हतं.

मी वर सरकले. फोटोच्या आधी तुमचा आवाज होता. त्याखाली अंगठेच अंगठे. मी तो लावून कानाशी धरला.

तुम्ही म्हणत होतात, “अगं कुणीतरी या... छातीत लई दुखतंय... विजू... दार उघडंच हाय.”

तेवढंच. मागे मोटारीचा आवाज.

फोन लावायचा तर तुम्हाला नाव शोधावं लागायचं, त्याला चष्मा लागायचा. ग्रुप मात्र सगळ्यात वर असायचा आणि माइकचं बटण तुमच्या अंगठ्याला पाठ होतं. हातात होतं तेच तुम्ही वापरलंत. आणि सगळी गल्ली उठली, अक्का. तुमचा आवाज आला म्हणजे पाणी आलं, म्हणून प्रत्येकानं अंगठा दिला आणि आपापली मोटार लावली. नळाला पाणी खरंच आलेलं होतं, मग कुणाला शंका कशाला येईल?

मी तुमचा फोन लावला. तो वाजत राहिला. नितीनला लावला, त्यानं कापला आणि मेसेज केला, ‘मीटिंगमध्ये आहे.’ तो घरूनच काम करतो. तुमचं फाटक त्याच्या गॅलरीतून दिसतं, त्यानं त्याचा फोटो काढलेला! मी ग्रुपवर लिहिलं, अक्कांना बरं नाही, ताबडतोब कुणीतरी जा. त्यावर एक अंगठा आला. मग दुसरा. मग ‘कुणीतरी जाऊन बघा प्लीज’ असं कुणीतरी कुणालातरी सांगितलं. मी शाळेतून तशीच निघाले होते आणि एसटीत उभी राहून ते बघत होते. मागे जायकवाडीचं धरण भरलेलं, डोळ्यांना पुरणार नाही एवढं पाणी, आणि माझ्या हातात अंगठे वाढत चाललेले. मी कंडक्टरला म्हटलं, जरा लवकर घ्या हो. तो म्हणाला, बाई, गाडी माझ्या हातात नाही.

मग मला शेखचाचा आठवले. गल्लीच्या टोकाचे, गुलमंडीत कापडाचं दुकान असलेले. त्यांच्याकडे अजून बटणांचा फोन आहे, म्हणून मला ते उशिरा आठवले. आपली सगळ्यांची हीच गत झालीय, जो ग्रुपवर नाही तो आठवतच नाही. त्यांनी पहिल्या घंटीला उचलला. “मैं तो ग्रुपमेंच नै बेटी. तू बोल, क्या हुआ?” मी सांगितलं. त्यांनी दुकान तसंच उघडं टाकलं आणि रिक्षात बसले. गल्लीतल्या भरलेल्या घरांतून कुणी निघालं नाही आणि गुलमंडीच्या गर्दीतून वाट काढत तो म्हातारा माणूस तुमच्या दारात सगळ्यांच्या आधी पोचला.

दार उघडंच होतं.

त्यांचा फोन आला तेव्हा मी अर्ध्या रस्त्यात होते. “आरामसे आ बेटी,” ते म्हणाले. “अब जल्दी का कुछ काम नै रहा.” मागून टाकीचं पाणी पडण्याचा आवाज येत होता. त्यांनाही मोटार बंद करायचं सुचलं नव्हतं.

सुनील संध्याकाळी आला. तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, “सकाळीच तर व्हिडिओ कॉल झाला, छान दिसत होती.” तुम्ही फोन कसा धरायच्या ते मला माहीत आहे. त्याला रोज अर्धं कपाळ आणि वरचा पंखा दिसत असणार. तो लेक वाईट नाही, अक्का. त्याला खरंच वाटत होतं की तो रोज आईला बघतोय.

तुमच्यासाठीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळी गल्ली आली होती. बुद्धवंदना चालू असताना मांडवात मागच्या रांगेत बसलेल्यांच्या तोंडावर खालून उजेड पडलेला मी पाहिला. ग्रुपवर तुमचा फोटो हार घालून आला, त्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ एकाखाली एक, सगळ्यांनी एकमेकांची उचललेली. मग अ‍ॅडमिननं एक नवीन ग्रुप काढला, ‘गल्ली इमर्जन्सी’. पुन्हा असं होऊ नये म्हणून. त्यावरचा पहिला मेसेज होता ‘शुभ सकाळ’, गुलाबाच्या फुलासकट. आणि एक दिवस मी जुन्या ग्रुपवर वर सरकून पाहिलं, तर तुमचा तो शेवटचा आवाज तिथं नव्हता. अ‍ॅडमिननं तो काढून टाकला होता. मी विचारलं तर म्हणाला, “काकू, लोकांना ऐकून त्रास होतो.” मी म्हटलं, तेव्हा ऐकला असता तर झाला नसता. माझ्याकडे तो आवाज उतरवून ठेवलेला आहे. मी तो ठेवणार आहे.

तुमच्यानंतरचं पहिलं पाणी आलं तेव्हा मी पैठणला होते आणि चाचा दुकानात. ते पाणी कुणालाच मिळालं नाही. आलं आणि गेलं. अंगणातला नळ ज्याचा त्याला दिसत होता, पण सगळे फोन हातात धरून ग्रुपवर कळायची वाट बघत राहिले. संध्याकाळी एकानं विचारलं, ‘आज पाणी नव्हतं का?’ मला हसू आलं आणि हसता हसता मी ओट्याला धरून रडले.

मग मला अ‍ॅडमिनचा निरोप आला, आता कळवायचं काम तुम्ही करा. मी राजीनामा दिलाच होता, उरलेली रजा टाकून घरी बसले होते. सुनीलनं जाताना मला विचारलं होतं, काकू, आईची आठवण म्हणून काही हवं का? मी उलथणं मागून घेतलं. त्याला ते विचित्र वाटलं असावं.

आणि काल पाणी आलं. नळात हवा फुसफुसली, मी उलथणं हातात घेतलं, पण आधी माइकचं बटण दाबलं. म्हटलं, एकदा बघू. मी बोलले, “पाणी आलंय. आणि हे जो कुणी ऐकेल त्यानं आत्ता माझ्याकडे चहाला यायचं. अक्कांच्या नावानं चहा टाकतेय. दार उघडंच आहे.”

अंगठे यायला लागले. एक, मग दुसरा, मग भराभर. गल्लीभर मोटारी सुरू झाल्या. मीही माझी लावली आणि मोठ्या पातेल्यात चहा ठेवला. आलं किसून घातलं, तुम्हाला लागायचं तेवढं, घशाला झोंबेल असं. होते नव्हते तेवढे कप मांडले आणि फाटकाकडे तोंड करून बसले. फाटक वाजलं की ऐकू यावं म्हणून फोन दूर ठेवला. चाचा येणार नव्हते, त्यांना निरोपच गेलेला नव्हता. बाकी सगळ्यांना गेला होता.

चहावर साय धरली. मी बसूनच होते. तुम्ही त्या दिवशी कशाकडे बघत पडला असाल, दाराकडे की फोनकडे, हे मी आजवर स्वतःला विचारलं नव्हतं. काल विचारलं आणि मला भीती वाटली, अक्का. मरणाची नाही. उघड्या दाराची.

कान फाटकाकडे लागलेले, त्यामुळे मोटार मी साफ विसरले. फोन थरथरला तेव्हा भानावर आले. ग्रुपवर फोटो आला होता, नितीनच्या गॅलरीतून. माझं फाटक. फाटकाखालून वाहणारं पाणी. दारावरची माझ्या नावाची पाटी अगदी स्वच्छ वाचता येत होती. खाली लिहिलं होतं, ‘कुणाची टाकी वाहतेय?’

मी बघत होते तोवर त्यावर पहिला अंगठा आला.

मी उठून मोटार बंद केली. तुमचं उलथणं घेतलं, पाण्यातून गल्ली ओलांडली आणि नितीनच्या फाटकावर मारलं. टण् टण् टण्. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. कानात इअरफोन, हातात फोन.

“काय झालं काकू?”

“काही नाही,” मी म्हटलं. “जिवंत आहे. तेवढं सांगायला आले.”

त्यानं एका कानातलं काढलं. “सॉरी काकू, काय म्हणालात?”

मी पुन्हा फाटकावर उलथणं मारलं.